दुसऱ्याची वही



मेरिलिन मन्रो हे नाव आपल्यातील ज्येष्ठांना परिचयाचे असेल. हॉलिवूडची ही तारका ४ ऑगस्ट १९६२ रोजी, अवघ्या ३६व्या वर्षी मरण पावली. सोनेरी केसांची, सदा हसणारी, थोडीशी भाबडी बाई असेच तिला जगाने ओळखले.

तिचे मूळ नाव नॉर्मा जीन. जन्म १ जून १९२६, लॉस एंजेलिस. आई मनाने आजारी, त्यामुळे बालपण परक्यांच्या घरी आणि अनाथाश्रमात गेले. १९४६ साली चित्रपटाचा करार झाला आणि नवे नाव मिळाले.

मग पडद्यावरची मेरिलिन खोटी होती काय? तसे म्हणता येत नाही. ते रूप तिने कष्टाने घडवले होते. प्रसिद्धी मिळाल्यावरही १९५५ साली ती न्यूयॉर्कला ली स्ट्रासबर्ग यांच्याकडे अभिनय शिकू लागली. जे दाखवले तेही तिचे आणि जे झाकून ठेवले तेही तिचेच.

मृत्युपत्रात तिने आपल्या खासगी वस्तू याच गुरूंच्या हाती सोपवल्या. त्यांनी त्या तिच्या मित्रांना व स्नेह्यांना वाटाव्यात, अशी तिची इच्छा होती. घडले वेगळेच. १९९९ साली न्यूयॉर्कमध्ये तिच्या वस्तूंचा लिलाव झाला. एकाच पोशाखाला १२ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. २०१० साली तिची टिपणे, कविता व पत्रे पुस्तकरूपाने निघाली. त्यात स्वयंपाकाची एक कृतीसुद्धा आहे!

त्या पुस्तकामुळे ती विचारी आणि वाचनवेडी होती हे अनेकांना कळले. तिच्यावरचा 'बुद्धीने कमी' हा शिक्का पुसला गेला, हे चांगलेच झाले. तरीही प्रश्न उरतो. ज्या वहीत तिने स्वतःशीच बोलून घेतले, ती उघडायला तिची परवानगी कुणी घेतली? 'आम्हाला खरी मेरिलिन हवी' असे म्हणताना आपण तिच्यावर प्रेम करतो, की तिच्याकडून आणखी काही काढून घेतो?

हा प्रश्न हॉलिवूडपुरता नाही. शेजारच्या घरातले आजारपण, मोडलेले लग्न, सुनेच्या फोनमधले निरोप, मुलीची डायरी यांतही आपण डोकावतोच ना? 'काळजी वाटते म्हणून विचारते' असे म्हणतो आणि ऐकलेले संध्याकाळपर्यंत चार घरी पोचते. कन्फेशनमध्ये सांगितलेले धर्मगुरू कुणालाही सांगत नाहीत, या विश्वासावर आपण आपले मन मोकळे करतो. तोच विश्वास दुसऱ्याला आपल्याविषयी वाटतो का?

माणसाचे अंतरंग त्याने आपणहून उघडले तरच आपल्याला मिळते. तोवर जवळ बसावे, चहा द्यावा, हाताला हात द्यावा. तो बोलला तर ऐकावे, आणि ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे.