हरवलेले, पुरलेले आणि सोडून दिलेले

अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरात धातू सापडला तर कुणाला आनंद होत नाही. हे गाव कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याचे. गाळपाच्या दिवसांत उसाच्या मोळ्यांबरोबर काय येईल याचा कुठल्याच साखर कारखान्यात नेम नसतो: मोडका कोयता, ट्रॉलीची पिन, एखादा नटबोल्ट. तो ऊस कुटणाऱ्या फायबरायझरच्या हातोड्यांत शिरला तर गाळप थांबते आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच. म्हणून उसाच्या वाटेवर मोठे विद्युतचुंबक बसवतात. चुंबक लोखंड उचलून घेते आणि ते भंगारात जाते. तो कोयता कुणाचा, हे कुणी विचारत नाही.

इथून समुद्र सरळ रेषेत सुमारे तीनशे किलोमीटर, आणि तिथे चित्र उलटे. जगातल्या अनेक किनाऱ्यांवर ओहोटी लागली की कानाला हेडफोन लावून, हातातल्या मेटल डिटेक्टरची गोल चकती वाळूवर फिरवत चालणारी माणसे दिसतात. त्यांना अंगठ्या, साखळ्या, नाणी हवी असतात. गंमत अशी, की त्यांच्यातले बरेच जण नवी यंत्रे बाजारात असताना जुनीच जपून ठेवतात. माइनलॅब या ऑस्ट्रेलियन कंपनीची सॉव्हरिन आणि पाण्याखाली चालणारी एक्सकॅलिबर, अमेरिकेतल्या फिशरची सीझेड मालिका ही त्यातली नावाजलेली नावे. सगळी 1990 च्या दशकात गाजलेली.

कारण मिठात आहे. खारे पाणी वीज वाहून नेते, त्यामुळे ओली वाळू यंत्राला धातूच्या अंथरलेल्या पत्र्यासारखी वाटते. त्यात काळी वाळू असली तर दुहेरी पंचाईत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर इल्मेनाइटची अशी काळी वाळू भरपूर आहे. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे यंत्र मिठाशी जुळवले की काळ्या वाळूवर ओरडते आणि काळ्या वाळूशी जुळवले की मिठावर. सीझेड 5 आणि 15 किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सी वापरते, सॉव्हरिन 1.5 ते 25.5 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात 17. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला मीठ वेगळे उत्तर देते. त्या उत्तरांची आपसांत वजाबाकी केली की मीठ बाजूला पडते आणि धातू उरतो. ही यंत्रे जड आहेत, चकती सावकाश फिरवावी लागते. एक्सकॅलिबरला पडदाही नाही, सगळा कारभार कानावर. हेडफोनमध्ये बारीक गुणगुण चालू असते. लोखंडावर ती तुटते, इतर धातूवर सूर चढतो.

पण सूर चढला म्हणजे सोने लागले असे नाही. यंत्राला सोने कळत नाही, धातूतून वीज किती सहज वाहते तेवढेच कळते. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी या बाबतीत इतक्या जवळच्या, की यंत्राला ‘कड्या नको’ असे सांगणाऱ्याने अंगठीही सोडलीच समजा. म्हणून अनुभवी माणूस निमूटपणे कचरा उकरत राहतो. उलट मंगळसूत्राची बारीक साखळी बऱ्याचदा हाती लागतच नाही. तिची एकेक कडी यंत्राला स्वतंत्र आणि नगण्य वाटते. ज्या वस्तूसाठी बाई रडत किनाऱ्यावरून परत जाते, तिथेच यंत्र मुके.

आणि वस्तू कुणाची, हे तर यंत्राच्या कक्षेबाहेरचेच. तो प्रश्न धर्मशास्त्रांनी फार पूर्वी हाती घेतला आहे आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत.

समुद्राचा थेट विचार ज्यूंच्या तलमुदात सापडतो. त्यातल्या बावा मेत्सिया या भागाचा दंडक असा, की समुद्राच्या लाटेने किंवा नदीच्या पुराने वाहून नेलेली वस्तू जो वाचवील त्याची, कारण मूळ मालकाने तिची आशा सोडलेली असते. म्हणजे हक्क ठरतो तो सापडणाऱ्याच्या कष्टाने नव्हे, हरवणाऱ्याच्या मनाने. मात्र कायद्याच्या अक्षरापलीकडे जाऊन वस्तू परत करणारा अधिक चांगला, असा विचारही त्याच ग्रंथात आहे.

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात बेवारस मालाला तीन वर्षांची मुदत आहे. राजाने तो सांभाळायचा, तेवढ्यात मालकाने खूण पटवून न्यायचा, नाहीतर तो राजाचा. पुरलेल्या निधीचा हिशेब वेगळा, आणि तिथे विद्वान ब्राह्मणाला सापडलेले सगळे त्याचेच, अशी सोय करून ठेवली आहे. ही सोय कुणी कुणासाठी लिहिली, ते सांगायला नको. इस्लामी धर्मशास्त्रात, म्हणजे फिकहमध्ये, सापडलेल्या मौल्यवान वस्तूची वर्षभर दवंडी देण्याचा दंडक आहे. नियम वेगवेगळे, पण तिन्हीकडे नजर हरवणाऱ्यावर आहे. त्याला वेळ द्या, त्याची वाट पाहा.

आपल्या संतपरंपरेत मात्र नजर सापडणाऱ्यावर खिळलेली दिसते. राका आणि बांका या भक्त दांपत्याची गोष्ट कीर्तनात अनेकांनी ऐकली असेल. वाटेत सोन्याची थैली पडलेली. पुढे चालणाऱ्या नवऱ्याला वाटले, बायकोला मोह होईल, म्हणून त्याने थैलीवर माती लोटली. मागून येणारी बायको म्हणाली, मातीवर माती कशाला टाकता? गोष्ट अप्रतिम आहे आणि कीर्तनकाराला टाळी हमखास. पण त्या थैलीचा मालक कोण, हे तिथे कुणीच विचारत नाही. ती देवानेच परीक्षेला ठेवली होती, असे सांगून प्रश्न मिटवला जातो. खऱ्या वाटेवरची थैली कुणाच्या तरी लेकीच्या लग्नाची असू शकते. तिच्यावर माती लोटल्याने राकाचे मन शुद्ध राहील, पण लेकीचे लग्न अडेल. अपरिग्रहाने सापडणाऱ्याचे भले होते. हरवणाऱ्याचे भले करायला तेवढे पुरत नाही, तिथे उठून मालक शोधावा लागतो.

गोदाकाठी आणखी एक प्रकार दिसतो. नाशिक, पैठणच्या घाटांवर भाविक नदीत नाणे टाकतात आणि पोरे दोरीला चुंबक बांधून ते बाहेर काढतात. अलीकडची स्टीलची नाणी चुंबकाला चिकटतात, म्हणून हा धंदा जमतो. इथे मालकाने आशा सोडलेली नाही, हक्कच सोडलेला आहे, तोही स्वखुशीने. गोदामाईला वाहिलेले नाणे पोराच्या मुठीत आले तर चोरी कुणाची झाली? कुणाचीच नाही. नदीला त्या नाण्याचा उपयोग नव्हता, पोराला आहे.

मराठवाड्यात मात्र धातूशोधाची खरी भूक किनाऱ्याची नव्हे, गुप्तधनाची. पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाला जमिनीतले धन दिसते ही समजूत जुनी, आणि तिच्यापायी झालेला रक्तपातही जुना. शेजारच्या परभणी जिल्ह्यात 1972 ते 1974 या काळात झालेल्या मानवतच्या हत्याकांडामागे गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीची लालसा होती, असा आरोप होता. महाराष्ट्राने 2013 मध्ये केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखाली चालणाऱ्या अघोरी प्रकारांचा स्पष्ट उल्लेख आहे. आता असल्या टोळ्यांकडे लिंबू-कुंकवाबरोबर मेटल डिटेक्टरही सापडतो. साधन बदलले, हाव तीच.

हजार-दोन हजार वर्षांपूर्वीच्या हंड्याचा मालक कधीच गेला. मग तो सापडणाऱ्याचा का नसावा? याचे उत्तर गोदावरीनेच दिले आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. 13 हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केला, याचा एवढा भक्कम पुरावा दुसरा क्वचितच. तो साठा एखाद्या सोनाराच्या मुशीत गेला असता तर थोडी चांदी मिळाली असती आणि महाराष्ट्राच्या इतिहासातले एक पान गेले असते. शिवाय यंत्राच्या मागे खणणारा धातूच उचलतो, बाकीचे उधळतो. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात हस्तिदंताची भग्न स्त्रीमूर्ती मिळाली. इटलीतल्या पॉम्पेईत 1938 मध्ये सापडलेल्या मूर्तीशी तिचे नाते अभ्यासकांनी जोडले. हस्तिदंतावर कुठलाही डिटेक्टर वाजत नाही. ती फावड्याखाली चुरा झाली असती.

मालक आशाच सोडू शकत नाही, असाही एक प्रकार आहे. हिंदू कायद्यात देवता ही स्वतः मालमत्तेची धनी. तमिळनाडूतल्या पत्तूर गावात 1976 मध्ये एका मजुराला जमिनीत नटराजाची कांस्यमूर्ती सापडली. विकत विकत ती लंडनला पोहोचली. मंदिर मोडकळीला आलेले, मूर्ती शतकानुशतके मातीत, तरी 1991 मध्ये लंडनच्या अपील न्यायालयाने मंदिराचा हक्क मान्य केला आणि नटराज परत आला. घनसावंगी तालुक्यात, समर्थ रामदासांच्या जांब समर्थ गावी, ऑगस्ट 2022 मध्ये राममंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या आणि पुढे पोलिसांना सापडल्या. चोराच्या लेखी तो धातू होता. गावाने मात्र एक दिवसही तो हरवलेला माल मानला नाही.

पुरलेल्या धनाबाबतचा 1878 चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. जमिनीत लपवलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे काहीही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. निधी बेवारस ठरला आणि दुसरा काही करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक जमीनमालकाला. सरकारने तो स्वतःकडे घ्यायचा ठरवला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. म्हणजे प्रामाणिक माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. किनाऱ्यावर अंगठी सापडली तर ती पोलीस ठाण्यात द्या. अंबड-घनसावंगीच्या शिवारात विहीर खणताना किंवा नांगरताना मडके लागले, तर नाणी चिंचेने घासू नका, वाटून घेऊ नका, मडके जागचे हलवू नका. तलाठ्याला बोलवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा.