दुप्पट, पण कशाच्या?

इसब जुनाट झाला की घरच्यांची धास्ती कातडीवरून मलमाच्या ट्यूबकडे वळते. टॅक्रोलिमस या मलमाच्या खोक्यातला घडीचा कागद उलगडावा, तर बारीक अक्षरांत लिम्फोमाचं, म्हणजे लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचं, नाव दिसतं. मग मलम वाटाण्याएवढं लावायचं ते मुगाएवढं लावलं जातं, आणि पोर पहाटेपर्यंत कोपराची खोबण ओरबाडत राहतं.

हा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये छापायला लावला. त्यामागे प्राण्यांवरचे प्रयोग आणि मोजक्या रुग्णांच्या नोंदी होत्या. पुढे हे मलम वापरणाऱ्या सुमारे आठ हजार मुलांवर लक्ष ठेवणारा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कर्करोगाचे सहा रुग्ण निघाले, म्हणजे एरवी निघावेत तितकेच. लिम्फोमाचा एकही नव्हता.

मग खुद्द इसबाचं काय? त्याच वर्षी इंग्लंड आणि डेन्मार्कमधल्या लाखो लोकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. इसबामुळे एकूण कर्करोग वाढल्याचं जवळपास दिसलं नाही. लिम्फोमा मात्र इंग्लंडमध्ये थोडा जास्त आढळला, आणि तीव्र इसब असलेल्यांत त्याच्या नॉन-हॉजकिन प्रकाराचा धोका सुमारे दुप्पट निघाला.

दुप्पट म्हटलं की पोटात गोळा येतो. पण ब्रिटनमध्ये नॉन-हॉजकिन लिम्फोमा वर्षाला लाखामागे साधारण २० जणांना होतो. त्याचे ४० झाले, तरी लाखातले ९९,९६० जण त्या वर्षी त्यातून सुटतात. शिवाय तीव्र इसबावर प्रतिकारशक्ती दाबणारी गोळ्या-इंजेक्शनं द्यावी लागतात. त्यामुळे वर्षानुवर्षं धुमसणाऱ्या आजाराचा वाटा किती आणि औषधांचा किती, हे वेगळं काढणं अवघड जातं.

भीतीला खरी जागा आहे ती निदानात. मायकोसिस फंगॉइडिस हा त्वचेचाच लिम्फोमा कित्येक वर्षं इसबासारखा दिसू शकतो. कपड्याखाली झाकलेल्या कंबरेवर, नितंबांवर चट्टे उठतात, खाजतात, मलमाने जरा दबतात आणि परत येतात. लहानपणी कधी इसब नव्हता, प्रौढपणी अचानक सुरू झाला आणि नेटाने उपचार करूनही हटत नाही, अशा माणसाने बायोप्सीची गरज आहे का, हे त्वचारोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारावं. एका तुकड्यात निकाल लागला नाही, तर ती पुन्हाही करावी लागते. लहानपणापासून इसब असलेल्या मुलाचं मलम मात्र डॉक्टरांनी सांगितलं तेवढं, पुरेसं लावावं.