पलीकडच्या काठाला नेणारी लाँच

तिकोना करून तुंगला जायचे, तर गड फिरणाऱ्या जुन्या मंडळींची वाट पाण्यातून जायची. तिकोना पेठेतून काले कॉलनी, पुढे ब्राह्मणोली आणि तिथून लाँचने पवनेच्या जलाशयातून थेट केवरे. केवऱ्याहून तुंगवाडी पायी फार लांब नाही. रस्त्यानेही जाता येते, पण त्यासाठी सगळ्या पाण्याला वळसा पडतो.

पाठीवर पिशवी टाकून अशाच होड्यांनी या बेटावरून त्या बेटावर हिंडण्याची ओढ आज पुष्कळ मराठी तरुणांना इंडोनेशिया, फिलिपाईन्सकडे नेते. त्या प्रवासाचे मोल निळ्या पाण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक होडीतल्या सोबतीत आहे. तांदळाची पोती, शाळेची पोरे, दवाखान्याला निघालेली म्हातारी यांच्या सोयीने ती होडी सुटते आणि परका माणूस त्यांच्यात जागा मागून बसतो. आपल्याकडे घारापुरीची लाँच किंवा दाभोळ-धोपावेची जंगलजेटी अशीच. कुणाच्या वेळेशी आपली वेळ जुळवून घेण्याची तयारी नसेल, तर एकट्याने हिंडण्याला मी स्वतंत्र प्रवास म्हणणार नाही. ती फक्त एकट्याची सहल झाली.

पवनेच्या मावळाला समुद्र नाही. इथली बेटे माणसाने केलेली आहेत. वळवण, शिरवता, ठोकरवाडी ही टाटांची धरणे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. शेजारच्या मुळशीत 1921 साली सेनापती बापटांना सत्याग्रह उभारावा लागला तो अशाच एका धरणाविरुद्ध. पवनेचे धरण सत्तरच्या दशकात पुरे झाले. खोरे बुडाले आणि उंचवटे तेवढे वर राहिले. तुंगच्या माथ्यावरून आज तीन बाजूंना पाणी दिसते, त्यात डोंगराच्या सोंडा शिरलेल्या. दृश्य देखणे आहे यात शंका नाही. पण या पाण्यात लाँच आली ती मौजेसाठी नव्हे. पायाखालची वाट बुडाली म्हणून आली.

याची खूण उन्हाळ्यात काठावर उभे राहिल्यावर पटते. धरणाच्या पाण्याला कायमचा धक्का नसतो. पावसाळा संपता संपता होडी गवताला टेकते. मे महिन्यात तीच होडी गाठायला भेगाळलेल्या गाळावरून उतरत जावे लागते. पाणी हटले की वाघेश्वराचे जुने देऊळ उघडे पडते, दगडावर गाळाचा थर वाळलेला. लोक तिथे दर्शनाला येतात. आपण ज्यावरून होडी नेतो त्याखाली कुणाचे शिवार होते, हे त्या देवळापुढे वेगळे सांगावे लागत नाही.

आणि हे दुःख जुने होऊन संपलेले नाही. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर शेतकरी उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले.

आता पवनेच्या त्याच काठावर शनिवार-रविवारी तंबूंच्या रांगा लागतात. होडीत बसायचे, फोटो काढायचे, एक गोल चक्कर मारून त्याच काठाला उतरायचे. त्यातून स्थानिकांच्या हाताला काम मिळते, ते मिळालेच पाहिजे. पण जी होडी पलीकडे नेत नाही, तिच्यातून प्रवास होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पलीकडच्या गावात उतरावे, चहा मागावा, परतीची वेळ विचारावी आणि ती चुकली तर कुणाच्या तरी ओसरीवर थांबावे, यात जे कळते ते चक्करीत कळत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पवनेवर ब्राह्मणोली ते केवरे अशी ठरल्या वेळेची, ठरल्या भाड्याची लाँच बारमाही चालावी. प्रत्येक उतारूला लाइफ जॅकेट मिळावे आणि पाण्याबरोबर मागे-पुढे सरकवता येईल असा तरंगता धक्का दोन्ही काठांना असावा. भाडे पर्यटकाला जास्त ठेवा, चालेल. धरणग्रस्तांच्या गावांना मात्र ही लाँच फुकट हवी आणि गर्दी असेल तर पहिली जागा त्यांना मिळाली पाहिजे.