कामाचे नाव आणि कामाचे मोल

मराठीतील व्यवसायवाचक नावे एका ओळीत मांडून पाहिली, तर स्त्री आणि पुरुष यांच्यातील कामाची वाटणी त्यांत उमटलेली दिसते. परीट आणि परटीण, कुंभार आणि कुंभारीण, तेली आणि तेलीण या जोड्यांत स्त्रीचे नाव पुरुषाच्या नावावरून आले आहे. कष्ट दोघांचे, पण हुन्नर आणि त्यावरचा हक्क पुरुषाच्या नावे. कोळी मासे धरतो आणि कोळीण ते विकते. तेथे एकाच नावाच्या पोटात दोन निरनिराळे व्यवसाय आहेत. सुईण या शब्दाला पुल्लिंगी जोडच नाही. या सर्वांत विचार करण्याजोगी जोडी आहे ती आचारी आणि स्वयंपाकीण यांची. चूल तीच आणि चुलीची धगही तीच. पण लग्नकार्यात पाचशे पाने उठवणारा आचारी हा कसबी माणूस मानला जातो. त्याला आगाऊ विसार देऊन बोलवावे लागते. परक्या घरी रोज दोन्ही वेळा रांधणारी स्वयंपाकीण मात्र आश्रयाला आलेली बाई समजली जाई, आणि तिच्या हाताला चव असली तरी ती तिची विद्या मानली जात नसे.

कोणत्या व्यवसायात किती स्त्रिया आणि किती पुरुष आहेत, हा प्रश्न हल्ली बहुधा आकड्यांच्या भाषेत विचारला जातो. आकडे आवश्यक आहेत. परंतु त्यांच्या मागे एक नैतिक प्रश्न उभा आहे आणि तो आकड्यांनी सुटत नाही. स्त्रिया काही कामांत अधिक आणि पुरुष काही कामांत अधिक असणे हाच अन्याय आहे काय? की वाटणी कशीही असो, काम करणारी व्यक्ती पाहून कामाची किंमत ठरवणे हा अन्याय आहे? हे दोन प्रश्न सहसा एकमेकांत मिसळले जातात. ते वेगळे केल्याशिवाय या विषयात न्याय कशाला म्हणावे हे कळणार नाही.

दिल्लीच्या नैऋत्येस, आरंभी पप्पनकलां या नावाने आखलेल्या प्रकल्पातून दिल्ली विकास प्राधिकरणाने द्वारका हे उपनगर वसवले. क्रमांकांनी ओळखली जाणारी सेक्टरे, सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती, २००५ च्या अखेरीस येथवर आलेली मेट्रो आणि २००८ साली स्थापन झालेले राष्ट्रीय विधी विद्यापीठ ही त्याची आजची ओळख आहे. येथे गावगाडा नाही, बलुते नाही. तेव्हा कामाची वाटणीही नव्याने झाली असेल, अशी अपेक्षा कोणी केली तर ती गैर नव्हे. प्रत्यक्षात बहुतेक संस्थांच्या फाटकांवर सकाळी निराळेच चित्र दिसते. पहारेकरी पुरुष, मोटारी धुणारा पुरुष, नळाच्या आणि विजेच्या दुरुस्तीला आलेला पुरुष. आणि नोंदवहीत नाव लिहून भांडी, केर-फरशी, स्वयंपाक व मुले सांभाळणे या कामांसाठी आत जाणाऱ्या बहुतेक सगळ्या स्त्रिया. पुरुषांना त्यांच्या कामाची नावे आहेत: गार्ड, ड्रायव्हर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन. स्त्रीला बहुधा एकच नाव आहे, ते म्हणजे कामवाली. तान्ह्या मुलाला न्हाऊमाखू घालणे आणि फरशी पुसणे यांतील कौशल्याचे अंतर त्या नावात मावत नाही. ज्या कामाला स्वतंत्र नाव नाही, त्याचा स्वतंत्र दरही मागता येत नाही.

मराठीतील मोलकरीण हा शब्द याहून एका अर्थी प्रामाणिक आहे, कारण त्यात मोल आहे. पण ते मोल ठरवण्याचा अधिकार त्या शब्दाने तिला कधी दिला नव्हता. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला, तेव्हा पगाराइतकाच हा अधिकारही पणाला लागला होता. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात कामगार हा शब्द आला. या कायद्याने किती घरांत किती फरक पडला हा वेगळा विषय आहे. परंतु हक्क मागण्याआधी नाव बदलावे लागले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

घरकामात शिक्षण आणि नियम पोहोचलेले नाहीत म्हणून असे घडते, सुशिक्षितांच्या व्यवसायांत ते घडणार नाही, असे यावर म्हटले जाईल. न्यायालयांपुढे आलेली तीन प्रकरणे हा समज टिकू देत नाहीत. सबेना या बेल्जियमच्या विमान कंपनीत गाब्रिएल डेफ्रेन या हवाई सुंदरीचे काम करीत. तेच काम करणाऱ्या पुरुषांपेक्षा त्यांचे वेतन कमी होते, आणि वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांना नोकरी सोडावी लागली. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९५७ च्या रोम करारातच लिहिलेले होते. पण ते नागरिकाला न्यायालयात थेट मागता येते, हे युरोपीय न्यायालयाने १९७६ साली या प्रकरणात सांगितले. मात्र ज्यांनी आधीच दावे केले होते त्यांच्याखेरीज इतरांना मागील काळाची थकबाकी मागता येणार नाही, असेही न्यायालयाने ठरवले. मालकांवर पडणाऱ्या आर्थिक भाराचा विचार त्यामागे होता.

१९८१ साली एअर इंडियातील हवाई सुंदरींचे प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यांनी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त व्हावे, व्यवस्थापकीय संचालकांना वाटल्यास ही मर्यादा वाढवावी, पहिल्या गरोदरपणी नोकरी संपावी, असे नियम होते. त्याच विमानातील पुरुष सहकाऱ्यांची सेवा अठ्ठावन्न वर्षांपर्यंत चाले. गरोदरपणाचा नियम आणि संचालकांचा तो अनिर्बंध अधिकार न्यायालयाने रद्द केला. परंतु हवाई सुंदरी आणि पर्सर यांचे संवर्ग वेगळे आहेत, त्यामुळे त्यांच्या सेवाशर्तींत फरक असणे हा भेदभाव नव्हे, हे म्हणणे न्यायालयाने मान्य केले. एकाच विमानात एकाच प्रवाशाची सेवा करणाऱ्या दोघांना दोन नावे होती, आणि त्या दोन नावांच्या आधाराने दोन आयुष्ये वेगळी करता आली.

सहा वर्षांनी, १९८७ मध्ये, याच न्यायालयाने नावाचा हा पडदा बाजूला केला. मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत वरिष्ठ अधिकाऱ्यांचे गोपनीय लेखन करणाऱ्या महिला लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत असे. त्यांचा संवर्गच वेगळा आहे, संघटनेशी तसा करार झालेला आहे आणि अधिक वेतन देणे कंपनीला परवडणार नाही, अशी बाजू कंपनीने मांडली. ऑड्री डिकोस्टा यांच्या या प्रकरणात न्यायालयाने पदनामाकडे न पाहता कामाकडे पाहिले. काम एकाच स्वरूपाचे आहे, त्या जागांवर केवळ स्त्रियाच नेमल्या जातात, म्हणून वेतनातील फरकाचे कारण स्त्रीत्व हेच आहे, असा निर्णय झाला. समान वेतनाचा १९७६ चा कायदा मालकाच्या ऐपतीवर अवलंबून नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. गोपनीय कामासाठी ज्यांच्यावर अधिक विश्वास टाकायचा, त्यांनाच कमी वेतन द्यायचे, ही विसंगती कंपनीच्या ध्यानात आली नव्हती. कारण वेगळ्या नावामुळे ती झाकली गेली होती.

युरोपचा अनुभव या विचाराला अधिक व्यापक करतो. फ्रान्समध्ये १९६५ पर्यंत विवाहित स्त्रीच्या नोकरीला पती हरकत घेऊ शकत असे. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत गृहकर्तव्यांना बाध येत नसेल तरच पत्नीने नोकरी करावी, असा कायदा होता. ही बंधने गेली, शिक्षणाची दारे उघडली. तरी व्यवसायांची वाटणी पुष्कळशी कायम राहिली. आज युरोपीय संघात रुग्णशुश्रूषा करणाऱ्या दर दहा व्यक्तींत सुमारे नऊ स्त्रिया असतात, बालवाडीच्या वर्गांवर तर जवळजवळ त्याच, आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या जाणकारांत त्यांचा वाटा सुमारे पाचवा हिस्सा आहे. समतेसाठी नावाजलेल्या उत्तरेकडील देशांतही हे चित्र फारसे निराळे नाही. यावरून काहीजण असे अनुमान काढतात की, बंधने गेल्यावर उरते ती स्त्रीची स्वाभाविक आवड होय.

हे अनुमान सहजासहजी झटकून टाकता येण्यासारखे नाही. पण ते तपासता येते. आवड निसर्गाने घडवलेली असेल, तर ती देशाच्या सीमेवर बदलू नये. प्रत्यक्षात संगणकाच्या व्यवसायातील स्त्रियांचे प्रमाण बल्गेरिया आणि रुमेनिया येथे नेदरलंड्स किंवा जर्मनीपेक्षा बरेच अधिक आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८६९ मध्ये मांडलेला आक्षेप येथे लागू पडतो. स्त्री-पुरुषांच्या आजच्या संबंधांतच घडलेल्या स्त्रीकडे पाहून तिच्या मूळ प्रकृतीविषयी निश्चित बोलता येत नाही, आणि जे प्रकृतीला खरोखरच अशक्य आहे त्याला बंदी घालण्याची गरज पडत नाही. तरीही वादापुरते मानू की, संपूर्ण स्वातंत्र्यातही काही वाटणी शिल्लक राहील. त्यातून एवढेच सिद्ध होते की अधिक स्त्रिया शुश्रूषेकडे जातील. शुश्रूषेचे वेतन कमी का असावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

त्याचे उत्तर म्हणून बाजाराचे नाव घेतले जाते. पण बाजारही माणसे पाहून भाव करतो, असे दाखले आहेत. सोव्हिएत संघात डॉक्टरांमध्ये स्त्रियांची बहुसंख्या झाली, आणि तेथे डॉक्टरचे वेतन कुशल औद्योगिक कामगाराहून कमी राहिले. याउलट संगणकाच्या आरंभकाळी आज्ञावली रचणे हे बऱ्याच अंशी स्त्रियांकडे सोपवलेले, कारकुनी समजले जाणारे काम होते. एनियाक या अमेरिकी यंत्रासाठी १९४५-४६ मध्ये ते काम सहा स्त्रियांनी केले. त्या कामाची प्रतिष्ठा आणि वेतन वाढत गेले तसा तो पुरुषांचा व्यवसाय झाला. ज्यांना इतर दारे बंद असतात त्यांची उघड्या दाराशी गर्दी होते आणि गर्दीने भाव उतरतो. हा बाजाराचा नियम खरा आहे. परंतु दारे बाजाराने बंद केलेली नसतात.

भारतात या प्रश्नाला सेवाभावाची आणखी एक बाजू आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत गावोगावच्या बालकांचे पोषण आणि शिक्षण ज्यांच्याकडे सोपवले त्यांना अंगणवाडी सेविका म्हटले गेले, आणि त्यांना मिळणाऱ्या रकमेला वेतन न म्हणता मानधन. २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्त्यांची गणनाही स्वयंसेविकांत झाली. सेवा हे उदात्त मूल्य आहे. पण जी सेवा व्यक्ती स्वतः निवडते तिच्यातच ते मूल्य असते. दुसऱ्याने नाव देऊन लादलेली सेवा ही स्वस्त मजुरी ठरते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे असे ठरवले आणि त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच होय असे मानले. शब्द तेवढा बदलला. पण वर्षानुवर्षे काम करून निवृत्त झालेल्या स्त्रीच्या हाती म्हातारपणासाठी काय पडणार, हे त्या शब्दावर अवलंबून होते.

आणखी एक गोष्ट राहते. स्त्रिया पुरुषांच्या कामांत जाव्यात याची चर्चा होते, तेवढी पुरुषांनी स्त्रियांच्या कामांत यावे याची होत नाही. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी आइसलंडमधील सुमारे नव्वद टक्के स्त्रियांनी नोकरीचे आणि घरचेही काम एक दिवस बंद ठेवले. घरातले काम हे काम आहे, हे एरवी न दिसणारे सत्य त्या दिवशी साऱ्या देशाला दिसले. नॉर्वेने १९९३ मध्ये बालसंगोपनाच्या रजेतील काही आठवडे केवळ पित्यासाठी राखून ठेवले. पित्याने ते घेतले नाहीत तर ते वाया जात. थोड्याच वर्षांत बहुसंख्य पिते ते घेऊ लागले. मूल सांभाळणे पुरुषाच्या प्रकृतीत नाही, ही समजूत काही आठवड्यांच्या रजेपुढे फारशी टिकली नाही.

तेव्हा एखाद्या समाजातील कामाची वाटणी न्याय्य आहे की नाही, हे ठरवताना दोन्ही बाजूंची संख्या सारखी आहे का, एवढे पाहून भागणार नाही. त्या कामावरील स्त्री जाऊन उद्या पुरुष आला, किंवा पुरुष जाऊन स्त्री आली, तर त्या कामाचे नाव, त्याचा दर आणि त्याची प्रतिष्ठा तीच राहील काय, हे पाहावे लागेल. ज्या दिवशी राहील, त्या दिवशी वाटणी कशीही असली तरी ती माणसांनी निवडलेली आहे असे म्हणता येईल. तोवर ‘त्यांनीच ते काम निवडले आहे’ हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार, ते काम स्वस्तात करून घेणाऱ्याला नाही.