अंगणातले तळे कोणाचे?

घराच्या आवारात लहानसे तळे खणून त्यात कमळे लावण्याची हौस जुनीच आहे. परंतु केवळ शोभेसाठी नव्हे, तर बेडूक, चतुर, पाखरे इत्यादी मुक्या जीवांस आश्रय मिळावा या हेतूने तळे खणणारे लोकही अलीकडे आढळू लागले आहेत. गावालगतची डबकी बुजली, ओढे सिमेंटच्या नळांत गेले, आणि पावसाळ्यात ज्यांचा आवाज रात्रभर ऐकू येई त्यांस अंडी घालण्यास जागा उरली नाही. तेव्हा निदान आपल्या कुंपणाच्या आत तरी त्यांस चार हात पाणी द्यावे, या विचाराने आम्हीही पुण्यातील आमच्या परसात एक तळे केले. करिताना वाटले होते की, हा केवळ कुदळ-फावड्याचा विषय आहे. दोन पावसाळे लोटल्यावर आमची खात्री झाली आहे की, तो नीतिविचाराचाही विषय आहे. त्यातील मुख्य प्रश्न वरवर अगदी साधा दिसतो. तो असा की, हे तळे कोणाचे?

प्रथम तळ्याची हकीगत सांगितली पाहिजे. लांबी आठ फूट, रुंदी पाच फूट, आणि मध्यभागी खोली दोन फूट. झाडाखालची जागा आम्ही टाळली, कारण पाला पडून कुजला म्हणजे पाणी नासते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तळाशी वाळू पसरून तीवर जाड प्लास्टिकचे कापड अंथरले. एक बाजू घाटासारखी उतरती ठेविली. सरळ भिंतींचे टाके दिसण्यास नीटनेटके असते खरे, परंतु त्यात पडलेल्या लहान जीवास वर येता येत नाही, आणि ज्यास आपण आश्रय म्हणतो तोच त्याचा सापळा होतो. मध्यभागी कुमुद, काठच्या पायरीवर वेखंड व लव्हाळा, आणि उतारावर नीरब्राह्मी लाविली. एका स्नेह्याने सुंदर जांभळ्या फुलांची जलपर्णी आणून दिली, ती आम्ही परत केली. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीने आमच्या नद्यांची काय दशा केली आहे, हे पुलावर उभे राहणाऱ्या कोणासही दिसते. मग पाऊस आला व त्याने तळे भरले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. उतार किती ठेवावा, ऊन किती पडू द्यावे, कोणते रोप लावावे, यांतील प्रत्येक निर्णय म्हणजे कोणास तरी आमंत्रण होते आणि कोणास तरी नकार होता. आम्ही खड्डा खणीत आहोत असे आम्हांस वाटत होते; वस्तुतः आम्ही पाहुण्यांची यादी करीत होतो.

पाहुणे लवकरच आले. पहिल्या दमदार सरीनंतर भेकांनी मण्यांच्या माळांसारखी अंडी पाण्यात सोडिली. थोड्याच दिवसांत शेपटीच्या काळ्या पिलांनी उतार भरून गेला. चतुर व टाचण्या कुमुदाच्या पानांवर येऊन बसू लागल्या. घरातील मुले या सर्वांस ‘आमचे बेडूक’ म्हणू लागली, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही तसेच म्हणू लागलो. पुढे एके दिवशी सकाळी वंचक येऊन पिले टिपू लागला, आणि आठवड्याने एक दिवड पाण्यात दिसली. दिवड बिनविषारी असते हे आम्हांस ठाऊक होते. तथापि तिने बेडूक धरला तेव्हा आमचा हात काठीकडे गेला. भीतीपेक्षा त्यात मालकीचा संताप अधिक होता. आमच्या तळ्यात आमचा बेडूक खाणारी ही कोण?

मालकाचा पक्ष हाच आहे, आणि तो अगदीच तुच्छ नाही. भूमी आमची, खर्च आमचा, श्रम आमचे. मग कोणी राहावे हे आम्ही का ठरवू नये? याचे उत्तर आमच्या जुन्या धर्मशास्त्रात सापडते. विहीर, तळे, बाग यांच्या निर्मितीस तेथे पूर्त म्हटले आहे. परंतु तळे खणले एवढ्याने ते कर्म पुरे होत नसे. त्यानंतर उत्सर्ग करावा लागे, म्हणजे हे पाणी सर्व भूतांसाठी सोडिले असा संकल्प करून त्यावरील आपले स्वामित्व टाकावे लागे. या विधीचे मर्म आम्हांस फार खोल वाटते. पाणी देणे सोपे आहे. दिलेल्या पाण्यावरून हात काढून घेणे कठीण आहे. काठी उचलणारा मनुष्य दानही करू पाहतो आणि दिलेल्या वस्तूवर पहाराही ठेवू पाहतो. आम्ही काठी खाली ठेविली.

परंतु ‘सर्व भूतांसाठी’ हे शब्द उच्चारणाऱ्या समाजाने त्यांचे काय केले, हे विसरून या परंपरेचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. महाडचे चवदार तळे गुराढोरांस व पाखरांस मोकळे होते, अन्य धर्मीयांस मोकळे होते. अस्पृश्य मानलेल्या माणसांस मात्र बंद होते. 1923 साली मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने 1924 साली त्यास अनुसरून ठराव केला, तरीही ते बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आपल्या सहस्रावधी अनुयायांसह जाऊन ते पाणी प्याले, तेव्हा त्या पाण्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. आणि रूढीने आम्हांस हक्क आहे हा स्पृश्यांचा दावा हायकोर्टात अखेर फेटाळला जाण्यास 1937 साल उजाडावे लागले. पाण्यावरून हात न काढणारा मनुष्य कोठवर जातो, याचे याहून कठोर उदाहरण आम्हांस ठाऊक नाही. कोण यावे हे ठरविण्याची लालसा बहुधा शुद्धतेचे नाव घेऊन येते, एवढे त्यावरून शिकण्यासारखे आहे.

तर मग दुसरे टोक बरे काय? तळे केले, आता निसर्ग पाहून घेईल, आपण काठावर बसून पाहावे. हे मत ऐकण्यास उदात्त वाटते, आणि काही काळ आम्हीही ते बाळगले. पहिल्या वर्षीच्या भाद्रपदात शेजारच्या घरातील मुलास डेंगी झाला आणि त्या मताची परीक्षा झाली. मूल आठ दिवस रुग्णालयात होते. त्याची आई आम्हांस एवढेच म्हणाली, “तुमच्या बेडकांसाठी तुम्ही पाणी साठवलंत, आमच्या मुलाचा विचार केलात का?” या प्रश्नास निसर्गाकडे बोट दाखविणे हे उत्तर नव्हे. ते पाणी निसर्गाने साठविले नव्हते, आम्ही साठविले होते. शिवाय आम्ही आमचे स्वामित्व सोडले असले तरी तिने आपला धोका पत्करला नव्हता. स्वामित्वाचा त्याग करता येतो, उत्तरदायित्वाचा करता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्य खात्याचा माणूस आला व त्याने आवार तपासले. तळ्यात त्यास डासांची अळी मिळाली नाही. चतुरांच्या अळ्या व पाण्यातील इतर किडे त्यांचा फडशा पाडीत असावेत. अळ्या मिळाल्या त्या तुळशीच्या कुंडीखालील ताटलीत. डेंगीचा डास अशाच लहान भांड्यांतील स्वच्छ पाणी पसंत करितो, आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. ज्याची तरफदारी करण्यास आम्ही सज्ज होतो ते तळे निर्दोष ठरले, आणि जिकडे आमचे लक्षही नव्हते ती ताटली दोषी ठरली. पण ताटलीही आमचीच होती. मुलास चावलेला डास तेथलाच होता असे कोणी सिद्ध केले नाही. नव्हता असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. आम्ही त्या घरी जाऊन क्षमा मागितली.

त्या माणसाने तळ्यात सोडण्यासाठी गप्पी मासे देऊ केले. हेही दक्षिण अमेरिकेकडले. डासांच्या नाशासाठी आपल्या देशात आणलेले. ते अळ्या खातात हे खरे, पण तोंडात मावेल ते दुसरे बारीक जीवही खातात. ज्यांस कोठेच जागा उरली नाही म्हणून तळे केले, त्यांच्याच पिलांवर हा पहारेकरी बसवावा काय? कोणी म्हणेल, दिवडीस राहू देता आणि माशास नाकारता, ही पुन्हा देशी-परदेशीची शिवाशिवच नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे. आमचे उत्तर असे की, माशाचा जन्म कोठला यावर आम्ही त्यास नाकारीत नाही. दिवड आपल्या पायांनी, किंवा तिला पाय नसल्यामुळे आपल्या पोटाने, आली. मासा मात्र आमच्या हाताने येणार होता. जे आपण होऊन आले त्यांच्यामध्ये न्यायाधीश होण्याचा आम्हांस अधिकार नाही. परंतु जे आम्ही आणून सोडतो त्याचे प्रत्येक कृत्य आमच्या हिशेबी लिहिले जाते. जलपर्णी परत केली तीही याच न्यायाने. सिमेंटच्या टाक्यात, जेथे दुसरे काही जगत नाही, तेथे हाच मासा आम्ही आनंदाने सोडला असता.

तेव्हापासून आठवड्यातील एक दिवस आम्ही कोरडा पाळतो. कुंड्यांखालच्या ताटल्या, पिंपे, टाकून दिलेली भांडी उपडी करितो, आणि तळ्याच्या काठाकाठाने गाळणी फिरवितो. गाळणीत डासाची अळी आलीच तर ती मारतो. सर्व भूतांसाठी सोडिलेल्या पाण्यात हा एक अपवाद आम्ही केला आहे, आणि तो करिताना आमचे मन पूर्ण स्वस्थ नसते. ते तसे नसावे हेच बरे, असे आम्हांस वाटते. ज्याच्या मनात अपवादाची बोच राहत नाही, त्याचे अपवाद वाढत जातात.

शेवटचा प्रश्न चैत्रात उभा राहिला. पाणी रोज बोटभर खाली जाऊ लागले. शहराच्या एका टोकास लोक टँकरची वाट पाहत असता नळाचे पाणी तळ्यात ओतणे आमच्याने होईना. आणि बोलावलेल्या पाहुण्यांस तहानेले ठेवणेही बरे वाटेना. धान्य व भाजी धुतलेले पाणी झाडांना घातले, आणि तळे आटू दिले. या भूमीतील बेडकांस आटणारे पाणी नवे नाही; त्यांतील कित्येक मातीत शिरून पावसाची वाट पाहतात. कायम भरलेले तळे हा आमचा अभिमान होता, त्यांची गरज नव्हती. वैशाखात तळाशी केवळ ओला चिखल उरला, कुमुदाचे कंद त्यात झाकून टाकले, आणि मुलांनी विचारले की, तळे मेले काय?

मृगाचा पाऊस पडला त्या रात्री शेजारच्या बाई कुंपणापाशी येऊन उभ्या होत्या. त्यांचा मुलगा बॅटरी घेऊन पाण्यात पाहत होता. काठावर कोणी ओरडत होते, आणि ते कोणाचे आहे हे त्या रात्री कोणीच विचारले नाही.