आवाजाची ठेव

आपल्या धर्मशास्त्रकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेपाचें, म्हणजे ठेवीचें, पद येतें. कौटिल्यानेंही उपनिधीस स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. दुसऱ्याची वस्तु आपल्यापाशीं ठेवून घेणें ही गोष्ट प्राचीनांस साधी वाटत नव्हती, एवढें यावरून उघड आहे. ठेव मागतांच परत करावी, मध्यंतरीं तिचा उपभोग घेऊं नये, असा त्यांचा कटाक्ष होता. मात्र ती चोरांनीं नेली, पाण्यानें वाहून गेली किंवा अग्नीनें जळाली, तर ती भरून देण्यास सांभाळणारा बांधलेला नाहीं, अशी मनूची सवलत आहे; अट इतकीच कीं, त्यानें स्वतः तींतून कांहीं काढून घेतलेलें नसावें.

हें जुनें प्रकरण पुन्हां उघडण्याचें कारण मात्र अगदीं आजचें आहे. मुलें हल्लीं निजतांना जी गोष्ट ऐकतात, ती पुष्कळदां फोनवरच्या एखाद्या लहानशा ॲपमधून. नातू बॉस्टनला आणि आजी सदाशिव पेठेंत, अशा घरीं तर आजीनें गोष्ट सांगून मुद्रित करावी आणि नातवानें चार बोबडे शब्द उलट पाठवावे, हा व्यवहार आतां कोणास नवलाचा वाटत नाहीं. आम्हांस तो मनापासून आवडतो. मराठी भाषा त्या मुलाच्या कानीं पडण्याचा कदाचित् तेवढाच एक मार्ग उरलेला असतो. परंतु आजीचा आवाज नातवाकडे जातांना वाटेंत तिसऱ्याच्या कोठारांत उतरतो, आणि बहुधा तेथेंच राहतो. त्याच्या सोबतीस मुलाचें नांव, जन्मतारीख, आईबापांचा पत्ता, मूल कितीला निजतें याची नोंद, हींही राहूं शकतात. ही ठेव नव्हे तर काय?

अमेरिकेंत स्पायरल टॉइज नांवाची एक कंपनी 'क्लाउडपेट्स' हीं मऊ, केसाळ खेळणीं विकीत असे. दूर गेलेल्या बापानें फोनवर बोलावें, तें मुलास अस्वलाच्या पोटांतून ऐकूं यावें, आणि मुलानें पंजा दाबून उत्तर द्यावें, अशी त्यांची रचना. २०१७ च्या फेब्रुवारींत उघडकीस आलें कीं, आठ लाखांहून अधिक खातेदारांची माहिती ज्या कोठारांत होती त्यास पासवर्डच नव्हता. वीस लाखांहून अधिक ध्वनिमुद्रणें अशा जागीं पडलीं होतीं कीं, जागेचा पत्ता कळला म्हणजे तीं कोणासही ऐकतां यावीं. जाणकारांनीं कंपनीस आधींच कळविण्याचा प्रयत्न केला होता. उत्तर आलें नाहीं. माहितीचा सांठा पुसून टाकून वर खंडणी मागणारेही मध्यंतरीं येऊन गेले. त्याच महिन्यांत जर्मन सरकारनें 'केला' नांवाच्या बोलक्या बाहुलीवर छुपें प्रेषणयंत्र म्हणून बंदी घातली आणि घरोघरच्या बाहुल्या निकामी करण्यास पालकांस सांगितलें. हा उपाय कित्येकांस हास्यास्पद वाटला. आम्हांस वाटला नाहीं.

क्लाउडपेट्सची कंपनी दुष्ट होती असें म्हणण्यास आधार नाहीं. ती निष्काळजी होती, आणि लहान होती. या लहानपणाचा विचार थोडा नीट केला पाहिजे. कारण आपण लहान दुकानदारावर विश्वास टाकतों तो शेजाऱ्यावर टाकावा तसा. मोठ्या कंपनीचा लोभ आपण गृहीत धरतों, आणि चार तरुणांनीं खटपट करून काढलेल्या ॲपचा भाबडेपणा. पण शेजाऱ्यावरील विश्वासास कारण होतें: तो रोज दिसे, त्याची अब्रू गल्लींत गहाण असे. ॲप काढणारा दिसत नाहीं. शिवाय त्याचें कोठार बहुधा त्याचें स्वतःचें नसतें. तें भाड्याचें असतें, आणि कोणी काय ऐकलें याची मोजदाद करणारीं अवजारेंही पुष्कळदां परक्यांचीं असतात. म्हणजे ठेव एकाच्या हातीं दिली, ती त्यानें न सांगतां दुसऱ्या तिघांच्या हातीं दिली. मोठे तरी धुतलेल्या तांदळासारखे आहेत असें नव्हे. मुलांचे आवाज जरुरीपेक्षां अधिक काळ सांठविले आणि पालकांनीं पुसावयास सांगूनही सर्व पुसलें नाहीं, या आरोपावरून २०२३ सालीं ॲमेझॉनला अडीच कोटी डॉलर दंड भरणें कबूल करावें लागलें.

आतां मनूच्या सवलतीकडे वळूं. 'चोरांनीं नेलें, आम्ही काय करणार?' असें ॲपवाल्यास म्हणतां येईल काय? आमच्या मतें मुळींच नाहीं. जुन्या व्यवहारांत ठेवणारा आपल्या गरजेनें ठेव घेऊन येई आणि सांभाळणारा उपकार म्हणून ती घेई. येथें सांभाळणाराच मागावयास येतो, आणि हवें त्याहून अधिक मागतो. गोष्ट निवडण्यास मूल चार वर्षांचें आहे एवढें कळलें तरी पुरे. त्याची जन्मतारीख कशास हवी? जें मागण्याचें कारण नव्हतें तें मागून घेतल्यावर चोराकडे बोट दाखविण्याचा अधिकार उरत नाहीं. दुसरें असें कीं, दागिना चोरीस गेला तर पेटी रिकामी दिसते. आवाज चोरीस गेला तरी जागच्या जागीं असतो. मालकास चोरी कळत नाहीं, आणि चोर सांपडला तरी वस्तु परत आली असें कधींच म्हणतां येत नाहीं. आज तर थोड्याशा नमुन्यावरून हुबेहूब आवाज बनवितां येतो.

'आमच्या घरांत लपविण्यासारखें आहे काय?' हा प्रश्न सुशिक्षित माणसें मोठ्या अभिमानानें विचारतात. दार लावून घेणारा प्रत्येक जण कांहीं गुन्हा करीत नसतो. वॉरन आणि ब्रँडाइस या दोन अमेरिकन वकिलांनीं १८९० सालीं, झटपट छायाचित्रें आणि चहाडखोर वर्तमानपत्रें यांना त्रासून, हाच मुद्दा मांडला होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २४ ऑगस्ट २०१७ रोजीं तो एकमतानें मूलभूत हक्कांत बसविला. त्यावर अधिक लिहिण्याचें कारण नाहीं.

खरी अडचण संमतीची आहे. आपल्या २०२३ च्या कायद्यानें अठरा वर्षांखालील सर्वांस बालक ठरविलें आहे. त्यांची माहिती घेण्यापूर्वीं पालकाची पडताळून पाहतां येईल अशी संमति हवी. त्यांच्यावर पाळत ठेवूं नये, त्यांस हेरून जाहिराती दाखवूं नयेत. नियम २०२५ च्या नोव्हेंबरांत प्रसिद्ध झाले. अंमल टप्प्याटप्प्यानें ठरविला आहे. (अमेरिकेनें ही रेषा १९९८ सालीं तेराव्या वर्षावर ओढली. आमच्याशीं कांटवर वाद घालणारा सतरा वर्षांचा विद्यार्थी आणि अंगाईवांचून न निजणारें तान्हें यांस एकाच तागडींत घालणारी आमची रेषा आम्हांस फारशी पटत नाहीं.) पण रेषा कोठेंही ओढा, पालक 'मान्य' या शब्दावर बोट ठेवतो तेव्हां तो कोणाची वस्तु देतो? मुलाचा आवाज बापाचा नव्हे. बापही त्याचा सांभाळणाराच. न वाचतां संमति देणारा बाप हा म्हणूनच कोठारास कुलूप न लावणाऱ्या कंपनीचा धाकटा भाऊ होय.

यास उत्तर म्हणून 'काम होतांच सर्व पुसून टाका' असा नियम सुचविला जातो. तो आम्हांस बव्हंशीं मान्य आहे. पण आजीच्या गोष्टीशीं येऊन तो अडतो. कारण तो आवाज टिकावा हीच तर घराची इच्छा असते. आपल्या पश्चात् आपले हक्क चालविण्यास माणूस नेमून ठेवण्याची सोय कायद्यानें केली आहे खरी. परंतु ज्या मुद्रणांत आजी गोष्ट सांगत आहे आणि नातू मधूनमधून 'मग?' म्हणून विचारीत आहे, त्यांतला आजीचा भाग कोणता आणि नातवाचा कोणता? वीस वर्षांचा झालेला नातू म्हणेल पुसा, आजीची लेक म्हणेल ठेवा. ॲपवाल्यानें हा निवाडा करूं नये, आणि त्याच्यावर तो येऊंही नये. मुद्रण ऐकून होतांच त्यानें तें कुटुंबाच्या स्वाधीन करावें आणि आपल्याकडील प्रत नाहींशी करावी. मग लेक आणि नातू यांस काय तो वाद आपल्या घरांत बसून घालतां येईल.