नवे शिकावे, पण कुणासाठी?

गेल्या पावसाळ्यात आम्ही म्हसळ्यातील एका कुटुंबाच्या भेटीला गेलो होतो. तेथे आपल्या भाविकांची घरे मोजकीच; त्यामुळे धर्मगुरू दारी आले की जेवल्यावाचून त्यांची सुटका नसते. बाहेर संततधार लागली होती. वीज दोनदा गेली आणि दोनदा आली. त्या घरची थोरली मुलगी नवी मुंबईतील एका कंपनीत आकडेवारीच्या विश्लेषणाचे काम करते. चार दिवसांच्या सुट्टीवर आलेली असूनही ती ओटीवर बसून लॅपटॉपवर काहीतरी शिकत होती. ‘सुट्टीतही अभ्यास?’ असे आम्ही सहज विचारले. ती म्हणाली, ‘‘फादर, दोन वर्षांपूर्वी शिकले ते आता कुणी विचारत नाही. आज शिकते आहे तेही असेच जुने होईल. मग शिकायचे तरी कुठवर? आणि थांबले, तर तो आळस ठरेल का?’’

प्रश्न नोकरीचा वाटला, तरी त्यातले शेवटचे वाक्य नीतीचे होते. त्या रात्री आम्हांला धड उत्तर देता आले नाही. पुढे कित्येक दिवस तो प्रश्न मनात घोळत राहिला. आपल्या घराघरांतून अशी मुले-मुली आहेत. म्हणून त्याचा विचार येथे मांडावा असे वाटते.

मुलीची तक्रार खोटी नाही. आकडे मांडण्याची संगणकीय कोष्टके १९७९ साली ‘व्हिजीकॅल्क’च्या रूपाने घरगुती संगणकावर आली. १९८३ मध्ये ‘लोटस’ आले, १९८५ मध्ये ‘एक्सेल’ आले आणि पहिल्या दोघांचे नाव आज तरुणांना ठाऊकही नाही. ‘पायथन’ या संगणकीय भाषेची दुसरी पिढी जगभर वापरात होती; १ जानेवारी २०२० रोजी तिचा सांभाळ अधिकृतपणे थांबला आणि असंख्य लोकांना आपले काम नव्याने लिहावे लागले. आपल्याकडेही निराळे नाही. महाराष्ट्रात २०१८ सालापासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने पिकाची नोंद स्वतःच मोबाइलवर करावी अशी ई-पीक पाहणीची योजना राज्यभर आली. ज्या हातांनी जन्मभर नांगर धरला, त्यांनाही विद्यार्थी व्हावे लागले.

अशा वेळी कुणी म्हणेल, की हे सारे मायाजाल आहे. जुने ते सोने. आम्हांला हे म्हणणे पटत नाही. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबरअखेरीस करोनाच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी वेळेवर पुढे गेल्याच नाहीत. कारण काय, तर माहिती एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरली जात होती. तिच्यात पासष्ट हजारांच्या वर थोड्याच ओळी मावतात. फाइल भरली आणि उरलेली माणसे बाहेर राहिली. दहा लाखांहून अधिक ओळी मावणारी नवी पद्धत २००७ सालापासून उपलब्ध होती. त्या रुग्णांच्या सहवासात आलेल्यांना वेळीच सावध करता आले नाही. ज्याच्या हाती दुसऱ्याचे जीवित सोपविलेले आहे, त्याने आपले अवजार जुनाट ठेवणे हा नुसता आळस नव्हे. तो शेजाऱ्याचा अपराध आहे.

मग नवे ते सारे शिकत सुटावे काय? येथे सेमिनरीत शिकलेली एक गोष्ट आमच्या मदतीस येते. संत थॉमस अक्वायनस यांनी ज्ञानाच्या ओढीचा विचार संयम या सद्गुणाखाली केला आहे. प्रथम वाचले तेव्हा आम्हांला नवल वाटले होते. खाण्यापिण्याला लगाम हवा हे समजते. शिकण्याला लगाम कशाला? संत थॉमस सांगतात, की माणसाचे मन जाणण्यासाठी धावते आणि देह मात्र कष्टाला कंटाळतो. म्हणून अभ्यासशीलता या सद्गुणाला दोन कामे असतात: धावणाऱ्या मनाला आवरायचे आणि कंटाळलेल्या देहाला उठवायचे. पहिले काम विसरले तर पोकळ कुतूहल वाढते, दुसरे विसरले तर आळस. मुलीच्या प्रश्नाची दोन्ही टोके या एका विचारात सापडतात. कुतूहल विचारते, ‘आज नवे काय आले?’ अभ्यासशीलता विचारते, ‘माझ्यावर सोपविलेल्या कामाला आज काय हवे?’

हा भेद आम्ही पुस्तकात शिकलो खरा. पण तो आमच्या अंगी बाणला तो एका चुकीमुळे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड या भागांत नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले. सुपारीचे झाड उत्पन्न देईपर्यंत वर्षे लागतात. तेव्हा ते नुकसान एका हंगामाचे नव्हते. आम्ही काही स्वयंसेवकांसह धान्य व ताडपत्र्या वाटण्यासाठी यादी केली. वहीत लिहून चालणार नाही, संगणकावरच हवी, असा आमचाच आग्रह होता. एका उत्साही तरुणाने ती यादी सुबक केली आणि दुबार नोंदी एका आज्ञेसरशी गाळून टाकल्या. आम्ही कौतुकाने पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला नेमाने येणाऱ्या एका वृद्ध बाईंनी यादी वाचून घेतली आणि त्या म्हणाल्या, ‘‘फादर, यादीत घर आहे, चूल नाही.’’ आम्हांला प्रथम बोध झाला नाही. मग उलगडा झाला. एका घरक्रमांकाखाली दोन बिऱ्हाडे होती. पुढच्या खोलीत थोरला भाऊ, मागच्या पडवीत धाकट्याची विधवा, दोन लहान मुलांसह. आडनाव एक, घरक्रमांक एक. संगणकाने दुसरी नोंद दुबार समजून पुसली. चूक संगणकाची नव्हती. त्याला सांगितले तेच त्याने केले. चूक आमच्या प्रश्नात होती. घरे मोजायची की चुली, हे आम्ही ठरविलेच नव्हते. भारताच्या जनगणनेत कुटुंब म्हणजे एका सामाईक स्वयंपाकघरात जेवणारी माणसे, ही व्याख्या किती वर्षे रूढ आहे! शाईने लिहिणाऱ्या शिरगणतीदाराला जे ठाऊक होते, ते आम्ही नव्या साधनाच्या तोऱ्यात विसरलो. त्या बाईंनी एकही नवे सॉफ्टवेअर शिकले नव्हते. त्यांना शेजार मात्र पाठ होता.

साधने बदलतात, प्रश्न आणि माणसे टिकतात. जॉन ग्राँट या लंडनच्या कापड व्यापाऱ्याने १६६२ साली तेथील धर्मग्रामांच्या मृत्यू व स्नानसंस्कारांच्या नोंदींवरून एक पुस्तक लिहिले. मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात, लहान मुलांचे मृत्यू किती होतात, हे त्याने केवळ कागद-लेखणीवर दाखविले. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ तेथून मानतात. जे चर्चच्या कारकुनाने खरेपणाने लिहून ठेवले होते, तेच त्याचे भांडवल.

आणि ज्याला बदलाचे भय वाटते, त्याने फादर रॉबर्तो बूसा यांना आठवावे. या इटालियन येशूसंघीय धर्मगुरूंना संत थॉमस यांच्या लेखनातील शब्दांची संपूर्ण सूची करायची होती, शब्द कोटीभर. १९४९ साली त्यांनी आयबीएम कंपनीच्या प्रमुखांची भेट घेतली आणि काम छिद्रांच्या कार्डांवर सुरू झाले. पुढे चुंबकीय फिती आल्या, छापील ५६ खंड झाले, मग सीडी आली आणि २००५ साली ते सारे इंटरनेटवर आले. फादर २०११ साली वारले. साधन किती वेळा बदलले! प्रत्येक वेळी ते नव्याने शिकले. पण कशासाठी शिकतो आहोत, हे त्यांना एकदाही नव्याने ठरवावे लागले नाही.

म्हणून त्या मुलीला आम्ही पुढच्या भेटीत इतकेच सांगितले: ‘‘बाळ, शीक. ज्याचे काम तुझ्या हाती आहे त्याचे नुकसान होऊ नये इतके तरी शिकलेच पाहिजे. पण नव्या साधनापुढे बसताना आधी विचार, की यात कुणाची चूल मोजली जाणार आणि कुणाची गळणार. हा प्रश्न दोन वर्षांनी जुना होणार नाही. आणि कधी एखादी आवृत्ती शिकायची राहिली, तर तेवढ्याने तुझी किंमत कमी होत नाही.’’

ती हसली. ‘‘फादर, हे माझ्या साहेबांनाही सांगाल का?’’ म्हणाली. आम्हीही हसलो. आत तिच्या आईने भाकरी तव्यावर टाकली होती. मुलीने लॅपटॉप मिटला आणि ती पाटपाणी करायला उठली.